वैद्यकशाळांतील अध्यापकांच्या नेमणुका : कलकत्ता व मुंबई येथील पूर्वपीठिका

सुश्रुतसंहितेची पहिली छापील आवृत्ति कलकत्त्यास १८३५-३६ या सालांत दोन भागांत निघाली. जुन्या छापील ग्रंथांच्या संग्राहकांस ती परिचित आहे. तिचे संपादक पंडित मधुसूदन गुप्त हे वैद्यकुळांतील गृहस्थ. सुश्रुताच्या शारीरस्थानांत प्रेत पाण्यांत सात दिवस कुजवून, मग कुंचल्यानें हळूहळू त्वचा सोडवून अवयव पाहण्याचा जो विधि सांगितला आहे, तो पोथीतून छापखान्यांत नेणारा आणि हातीं सुरी घेऊन शवच्छेद करणारा पुरुष एकच होता, ही गोष्ट पुष्कळांनीं लिहिली आहे. परंतु हेच मधुसूदन गुप्त हयातींत दोन निरनिराळ्या संस्थांत, दोन निरनिराळ्या नियमांनीं अध्यापक नेमले गेले, आणि त्या दोन नियमांतील भेदांतच आपल्याकडील वैद्यकशाळांच्या पुढील शंभर वर्षांच्या तंट्याचें बीज आहे, इकडे कोणाचें फारसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही तेवढेंच सूत्र धरून चालणार आहों : वैद्यक शिकविण्याची जागा कोणास मिळे, ती कोण देई, आणि कोणत्या कारणानें देई.

आमच्या प्राचीन ग्रंथांत हा प्रश्न उलट्या बाजूनें मांडला आहे. चरकाच्या विमानस्थानांतील आठव्या अध्यायांत शिष्यानें आधीं शास्त्राची परीक्षा करावी व मग आचार्याची करावी, असें सांगून आचार्याचे गुण मोजले आहेत. म्हणजे नेमणूक करणारा शिष्यच. त्यांत राजाचा, दात्याचा किंवा एखाद्या मंडळीचा संबंध नाहीं. अर्थात् ग्रंथांत लिहिलें तसें सर्वत्र घडत होतें असें समजण्याचें कारण नाहीं. वृत्ति व वतनें यांचें राज्य वैद्यांतही होतेंच. तथापि आचार्य पारखण्याचा अधिकार शिकणाऱ्याचा, ही कल्पना ग्रंथांत स्पष्ट आहे, व ती १८३० सालीं कलकत्त्यांत अगदीं अनपेक्षित रीतीनें डोकें वर काढते.

कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजांत १८२७ पासून वैद्यकाचा एक वर्ग होता. तेथें खुदीराम विशारद हे अध्यापक असून मधुसूदन हे त्यांचे विद्यार्थी. १८३० सालीं खुदीराम आजारी पडल्यामुळें त्यांच्या जागीं मधुसूदनांस नेमण्यांत आलें. तेव्हां वर्गांतील मुलांनीं तक्रार केली कीं, काल आमच्या शेजारीं बसून पाठ म्हणणारा आज आमचा गुरु कसा ? तक्रार फळास आली नाहीं. शाळाखात्यांत आयुष्य गेलेल्या माणसास या प्रसंगाचें हंसूं येतें आणि थोडी कीवही येते. पण त्यांत दोन नियम एकमेकांस भिडले आहेत हें विसरून चालणार नाहीं. चालकांच्या दृष्टीनें जो विषय उत्तम जाणतो तो अध्यापक, मग त्याचें वय कांहीं असो. विद्यार्थ्यांच्या दृष्टीनें गुरु हा गुरुस्थानींच असला पाहिजे.

दुसरी नेमणूक पांच वर्षांनंतरची. लॉर्ड बेंटिंक यांनीं १८३३ सालीं नेमलेल्या समितीच्या अभिप्रायावरून २८ जानेवारी १८३५ च्या हुकुमानें संस्कृत कॉलेजांतील व मदरशांतील वैद्यकाचे वर्ग आणि १८२२ पासून चाललेली देशी वैद्यकशाळा बंद झालीं व मेडिकल कॉलेज निघालें. तेथील मुख्य जागा कंपनीच्या सर्जनांस मिळाल्या. मधुसूदनही तेथें घेतले गेले, पण पंडित म्हणून. शवच्छेद झाला तो यानंतर. परंपरेनें त्याची तारीख १० जानेवारी १८३६ अशी देतात, तिजविषयीं वाद आहे. १८४० सालीं त्यांनीं स्वतः परीक्षा दिली. पुढें हिंदुस्थानी वर्गाची व १८५२ पासून बंगाली वर्गाची देखरेख त्यांजकडे आली, व १८५६ सालीं ते वारले. इंग्रजी विभागाच्या प्रोफेसरांच्या पंक्तींत मात्र त्यांचें पान मांडलें गेलें नाहीं. संस्कृत कॉलेजांत ज्ञानामुळें वयाची अडचण बाजूस सरली; मेडिकल कॉलेजांत ज्ञान असूनही जागा मिळाली ती दुसऱ्या ओळींतली. कारण येथें जागा विषयाकडे पाहून भरली जात नव्हती, नोकरीच्या यादीकडे पाहून भरली जात होती.

ही यादी म्हणजे काय तें नीट समजून घेतलें पाहिजे. कंपनीचें वैद्यकीय खातें मुळांत लष्करी. पलटणींस सर्जन पुरविणें हें त्याचें पहिलें काम. शांततेच्या काळीं त्यांतील अधिकारी जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन, तुरुंगाचे अधीक्षक, टांकसाळीचे परीक्षक अशा मुलकी जागांवर ठेवीत, म्हणजे लढाई पडल्यास ते हाताशीं असावे. वैद्यकशाळेंतील अध्यापकपद हें या मुलकी जागांपैकींच एक. १८५५ पूर्वीं या खात्यांत शिरकाव डायरेक्टरांच्या शिफारशीनें होई. त्या सालच्या जानेवारींत लंडनास पहिली चढाओढीची परीक्षा झाली आणि तींत दुसरा आलेला उमेदवार बंगाली होता : सूर्यकुमार चक्रवर्ती. हे १८४५ सालीं द्वारकानाथ ठाकूर व डॉ. गुडीव यांजबरोबर विलायतेस गेलेल्या चार विद्यार्थ्यांपैकीं एक. लंडनची एम्. डी. पदवी घेऊन ते कलकत्त्यास परत आले, तेव्हां त्यांस खालच्या दर्जाची जागा मिळाली. ज्ञान पूर्ण होतें, परंतु यादींत नांव नव्हतें. म्हणून पुन्हा समुद्र ओलांडून त्यांनीं परीक्षा दिली, आणि मग त्याच कॉलेजांत औषधिविज्ञानाचें अध्यापकपद त्यांस लाभलें. मधुसूदन व सूर्यकुमार यांचीं चरित्रें शेजारीं ठेवलीं म्हणजे नियमाचें खरें स्वरूप उघडें पडतें. दार बंद नव्हतें. पण तें लंडनास उघडत होतें.

आतां मुंबईकडे वळूं. येथें १८२६ सालीं डॉ. मॅक्लेनन यांच्या हाताखालीं देशी भाषांतून शिकविणारी एक वैद्यकशाळा निघाली व १८३२ सालीं ती मोडली. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रांट यांनीं नवी शाळा काढण्याचा विचार चालविला असतां १८३८ च्या जुलैंत पुण्याजवळ दापोडीस त्यांचा अंत झाला. त्यांच्या स्मारकाप्रीत्यर्थ जमलेल्या वर्गणीस सरकारची जोड मिळून ग्रांट मेडिकल कॉलेज उभें राहिलें व १८४५ च्या नोव्हेंबरांत तेथें शिक्षण सुरू झालें. शेजारचें रुग्णालय सर जमशेटजी जीजीभाई यांच्या दानाचें. पहिले प्रोफेसर तीन : चिकित्सेस चार्ल्स मोरहेड, शारीर व शस्त्रक्रिया या विषयांस जॉन पीट, रसायन व औषधिविज्ञान यांस हर्बर्ट जिरो. तिघेही कंपनीच्या मुंबई वैद्यकीय खात्यांतले. पैसा लोकांचा बराच, नेमणूक यादीची.

याच शहरांत याच्या आधींचें एक उदाहरण होतें, त्याशीं ताडून पाहिल्यास फरक लक्षांत येईल. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन विलायतेस जाण्याच्या सुमारास, १८२७ सालीं, त्यांच्या स्मरणार्थ अध्यापकपदांसाठीं मोठा निधि जमला. त्या वेळच्या ठरावांतच असें होतें कीं, एतद्देशीय लोक योग्य होईपर्यंत मात्र या जागा ग्रेट ब्रिटनमधून आलेल्या गृहस्थांनीं भूषवाव्या. म्हणजे दात्यांनीं नेमणुकीची शेवटची मर्यादा आरंभींच लिहून ठेविली. तिचें फळ असें कीं बाळशास्त्री जांभेकर १८३४ सालीं तेथें साहाय्यक अध्यापक झाले व १८५५ सालीं दादाभाई नौरोजी गणित व सृष्टिशास्त्र यांचे प्रोफेसर झाले. वैद्यकांत मात्र मुख्य जागा त्यानंतरही कित्येक दशकें बहुतांशीं खात्याच्या अधिकाऱ्यांकडेच राहिल्या. बुद्धि त्याच समाजाची, शहर तेंच, काळ तोच. फरक नेमणुकीच्या नियमांत.

यादीच्या नियमाचा दुसरा परिणाम असा कीं, विषय व माणूस यांची गांठ टिकत नसे. याचें सर्वांत बोलकें उदाहरण डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांचें होय. ग्रे यांच्या सुप्रसिद्ध शारीरग्रंथांतील चित्रें काढणारे हेच ते. १८५८ सालीं ते मुंबईच्या खात्यांत आले व ग्रांट कॉलेजांत शारीर शिकवूं लागले. शारीराचा याहून योग्य अध्यापक त्या काळीं पृथ्वीच्या पाठीवर शोधून सांपडला असता कीं नाहीं, याची शंकाच आहे. पण १८६३ सालीं त्यांची रवानगी साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून झाली व तेथें त्यांचीं बरींच वर्षें गेलीं. तुरुंगाची देखरेखही त्यांजकडेच. पुढें ते मुंबईस परतले व १८७७ च्या सुमारास हंगामी प्राचार्यही झाले. न्यायाची गोष्ट म्हणून हेंही सांगितलें पाहिजे कीं, रक्तपिती, मदुरापाद व उलटून येणारा ताप यांवरील कार्टर यांचें संशोधन अव्वल दर्जाचें आहे. यादींतून वाईटच माणसें येत होतीं, असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. माणसें पुष्कळदां उत्तम असत. जागेवर ठेवणारा नियम मात्र विद्येचा नव्हता.

या कॉलेजांतून १८५१ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी, डॉ. आत्माराम पांडुरंग, डॉ. अनंत चंद्रोबा हे होते. भाऊंचें नांव आमच्या वाचकांस शिलालेख व नाणीं यांच्या संबंधानें अधिक परिचित आहे. त्यांनीं सरकारी चाकरींत न राहतां खासगी वैद्यकी पत्करली, आणि विद्याव्यासंगास एशियाटिक सोसायटीचें दालन गांठलें. पुराणवस्तुसंशोधनास यांत लाभ झाला हें खरें. वैद्यकशाळेस काय अंतरलें याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. १८६० नंतरच्या दशकांत ग्रांट कॉलेजांत मराठी व गुजराथी वर्ग निघाले, ते शिकविण्यास मात्र एतद्देशीय पदवीधर घेतले गेले. डॉ. सखाराम अर्जुन यांसारख्यांनीं त्या निमित्तानें मराठींत वैद्यकग्रंथ लिहिले. कलकत्त्यास मधुसूदनांच्या वांट्यास बंगाली वर्ग आला, येथें यांच्या वांट्यास मराठी वर्ग.

१८९० नंतरच्या दशकांत मुंबईचे डॉ. बहादुरजी यांनीं राष्ट्रसभेच्या व्यासपीठावरून हा प्रश्न लावून धरला. मागणी साधी होती : लष्करी वैद्यक व मुलकी वैद्यक हीं खातीं वेगळीं करा आणि कॉलेजांतील जागा त्या त्या विषयांतील निष्णातांस, खात्याबाहेरच्यांसही, मोकळ्या करा. सरकारचें उत्तरही साधें होतें : युद्धकाळाची राखीव फळी मोडतां येत नाहीं. अध्यापकपदाचा निर्णय रणांगणाच्या गरजेवर टांगलेला आहे, ही कबुली यांत आली. १९०८ सालीं भारतमंत्री लॉर्ड मोर्ले यांनीं खात्याची मुलकी बाजू आणखी वाढवूं नये व स्वतंत्र वैद्यव्यवसायास उत्तेजन द्यावें असें कळविलें. परंतु अशा खलित्यांनीं जागा रिकाम्या होत नाहींत.

गांठ सुटली ती दात्याच्या हातून. शेट गोवर्धनदास सुंदरदास यांच्या निधीच्या विश्वस्तांनीं मुंबई म्युनिसिपालिटीस वैद्यकशाळेसाठीं मोठी देणगी देऊं केली तेव्हां अट अशी घातली कीं, तेथील अध्यापकवर्ग योग्यता असलेल्या, स्वतंत्र, सरकारी नोकरींत नसलेल्या हिंदी गृहस्थांचाच असावा. म्युनिसिपालिटीनें ती पत्करली, आणि १९२६ सालीं परळ येथें राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज हीं सुरू झालीं. पहिले अधिष्ठाते डॉ. जीवराज मेहता. १८२७ च्या एल्फिन्स्टन निधीच्या ठरावांत जी गोष्ट पुढील काळावर सोपविली होती, ती येथें पहिल्या दिवसापासून बंधनकारक झाली. अटींतील ‘स्वतंत्र’ हा शब्द आम्हांस ‘हिंदी’ या शब्दाहूनही महत्त्वाचा वाटतो. केवळ वर्णाचा वाद असता तर यादींत हिंदी नांवें वाढल्यानें तो मिटला असता. सूर्यकुमारांचें उदाहरण तेंच सांगतें. विश्वस्तांनीं यादीच बाहेर ठेविली. ते खातें पुढें १९४७ सालीं बंद झालें.

या विषयाचीं मुख्य साधनें सरकारी दप्तरांत आहेत, पण सर्वच तेथें नाहींत. जुन्या वैद्यांच्या घरीं नेमणुकीचे हुकूम, वर्गणीच्या याद्या, मराठी वर्गाचीं पुस्तकें, विद्यार्थ्यांनीं उतरून घेतलेलीं टिपणें अजून सांपडतात. पोथ्या मिळवितांना असे कागद हातीं आल्यास ते संग्राहकांनीं रद्दी म्हणून बाजूस टाकूं नयेत, निदान त्यांवरील नांव, हुद्दा व साल उतरून मंडळाकडे पाठवावें, अशी आमची विनंति आहे. मधुसूदनांची सुश्रुतावृत्ति ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं तिच्या मुखपृष्ठावरील मजकूर अक्षरशः उतरून पाठविल्यास, संपादकानें स्वतःचा निर्देश कोणत्या शब्दांनीं केला आहे, तें या लेखाच्या पुरवणींत देतां येईल.