शिकारीची शिदोरी, बायकांचे हात

लांबच्या वाटेला काय बांधून द्यायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ओलं आंबतं, कोरडं टिकतं. आपण उन्हाळ्यात सांडगे-पापड घालतो, कोकणात सुकट वाळवतात, ते याच हिशोबानं. हाच हिशोब कॅनडातल्या बायकांनी कसा मांडला आणि त्यांच्या शिदोरीवरून तिथं केवढं रण माजलं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

कॅनडात रेड रिव्हर नावाची नदी आहे. आजचं विनिपेग शहर तिच्याच काठी वसलंय. तिथं मेटी लोकांची वस्ती होती. फरचा व्यापार करायला युरोपातून आलेले पुरुष आणि तिथल्या क्री, ओजिब्वे अशा आदिवासी बायका यांच्या संसारातून हा समाज घडला. उन्हाळा आला की गावच्या गाव बायसनच्या शिकारीला निघे. बायसन म्हणजे गव्यासारखं मोठं रानटी जनावर. त्याचे कळप दूर माळावर चरत, म्हणून शिकार कित्येक आठवड्यांची असे.

१८४० सालच्या शिकारीची मोजदाद अलेक्झांडर रॉस यांनी लिहून ठेवली आहे. ६२० पुरुष, ६५० बायका, ३६० मुलं आणि १,२१० गाड्या. बायका पुरुषांपेक्षा जास्त! तांड्याचे नियमही त्यांनी लिहिले आहेत. रविवारी शिकार करायची नाही. हुकमाआधी कुणी कळपावर घोडा घालायचा नाही. पहिल्यांदा नियम मोडला तर खोगीर आणि लगाम कापून टाकायचे, दुसऱ्यांदा अंगावरचा कोट, तिसऱ्यांदा फटके. कळप एकदा उधळला तर सगळ्यांच्याच पोटावर पाय येणार, म्हणून हा कडकपणा.

शिकाऱ्यांची दौड थोड्या वेळात आटपे. बायकांचं काम त्यानंतर सुरू होई. भर उन्हाळ्यात मांस किती टिकणार? त्यामुळे हात लगेच चालवावे लागत. मांसाचे पातळ, लांब पापुद्रे कापायचे, लाकडी मांडवावर टांगायचे, खाली मंद धूर ठेवायचा आणि दोन-तीन दिवस ऊन द्यायचं. मग ते खडखडीत मांस कातड्यावर पसरून कुटायचं, अगदी भुगा होईपर्यंत. दुसरीकडे कढईत चरबी वितळवायची. बायसनच्याच कातड्याची, केसाळ बाजू बाहेर ठेवून शिवलेली पिशवी घ्यायची. तिच्यात भुगा भरून वर साधारण तितकीच चरबी ओतायची आणि ढवळायचं. रानातली बेरीची फळं वाळवलेली असली तर तीही घालायची. तोंड शिवून पिशवी चपटी करायची, म्हणजे गाडीत नीट रचता येते. एका पिशवीचं वजन सुमारे ४० किलो.

याला पेमिकन म्हणतात. हा शब्द क्री भाषेतल्या चरबीच्या शब्दावरून आला आहे. ही विद्या मुळात आदिवासी बायकांची. मेटी मुली ती आया-आज्यांकडून शिकल्या. यात पाणी उरत नाही आणि चरबी हवा आत शिरू देत नाही, म्हणून चांगलं केलेलं पेमिकन वर्षानुवर्षं टिके. सुमारे पाच किलो ताज्या मांसाचं एक किलो सुकं मांस होतं, म्हणजे ओझंही हलकं. चूल पेटवायची सोय नसेल तर तसंच खायचं. सोय असेल तर पीठ लावून पातळ कालवण करायचं, त्याला रबाबू म्हणत.

फर कंपन्यांच्या होड्या याच पिशव्यांवर चालत. दिवसभर वल्ही मारणाऱ्या माणसांना वाटेत शिकार करत बसायला सवड नव्हती. पेमिकन संपलं की व्यापार थांबला. म्हणून ८ जानेवारी १८१४ रोजी रेड रिव्हर वसाहतीचे गव्हर्नर माइल्स मॅकडोनेल यांनी पेमिकन बाहेर न्यायला बंदी घातली. आपल्या नव्या वसाहतीतली माणसं उपाशी राहतील, असं त्यांचं म्हणणं. पण नॉर्थ वेस्ट कंपनी आणि तिला पेमिकन विकणारे मेटी यांच्या पोटावरच तो घाव होता. वैर वाढत गेलं. १९ जून १८१६ रोजी सेव्हन ओक्स इथं चकमक झाली आणि तिच्यात नंतरचे गव्हर्नर रॉबर्ट सेम्पल आणि त्यांची सुमारे वीस माणसं मारली गेली.

पुढे १८८० च्या दशकात बायसनचे कळप जवळजवळ नाहीसे झाले. कळप गेले, तसं मेटी आणि आदिवासी घरांचं अन्नही गेलं. पेमिकन मात्र कारखान्यात बनू लागलं. १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या आमुंडसेन यांच्या सामानातही ते होतं.

मैत्रिणींनो, या इतिहासात गव्हर्नरांची नावं आहेत, कप्तानांची आहेत. ६५० बायकांचा आहे तो नुसता आकडा. चरबी किती गरम हवी, भुगा किती बारीक हवा, हे ज्यांना कळत होतं, त्यांची नावं कुणी टिपली नाहीत. आपल्या गटाच्या वहीतही पापड किती किलो गेले ते असतं. लाटायला किती तास गेले आणि कुणाचे हात लागले, ते नसतं. पुढच्या बैठकीत वहीत दोन रकाने वाढवा: एक नावाचा, एक तासांचा. पापडाचा भाव ठरवायला बसाल, तेव्हा हे दोन रकाने उघडून समोर ठेवा.