रिकामा आणि रिकामटेकडा

सातपुड्याच्या पायथ्याशीं, वऱ्हाडांतील संग्रामपुरासारख्या गांवीं, कापूस घरांत आला आणि ज्वारीचें खळें उरकलें, कीं कोरडवाहू शेतकऱ्याचे हात कांहीं दिवस मोकळे होतात. अशा वेळीं पारावर बसलेल्या मनुष्यास गांवकरी ‘रिकामा’ म्हणतात. ‘रिकामटेकडा’ म्हणत नाहींत. पहिला शब्द केवळ स्थिति सांगतो, दुसरा दोष देतो.

मराठीनें हा भेद याहूनही बारकाईनें राखला आहे. आळशास काम असतें, पण तें करवत नाहीं. टंगळमंगळ करणारा कामाजवळ असतो, मात्र त्याचें चित्त कामांत नसतें. चालढकल करणारा आजचें काम उद्यांवर लोटतो. उनाड मनुष्य हिंडून वेळ घालवितो. चकाट्या पिटणारा बसल्या जागीं घालवितो.

इंग्रजींतील ‘आयडल’ या शब्दाचा इतिहास येथें बोधप्रद आहे. जुन्या इंग्रजींत त्याचा मूळ अर्थ ‘रिकामा, पोकळ’ असाच होता. पुढें निरुपयोगी, निरुद्योगी आणि आळशी हे अर्थ त्यास चिकटले, व काम नसलेला आणि काम टाळणारा असे दोघेही एकाच शब्दांत सांपडले. १८२४ च्या इंग्लंडांतील भटक्यांविषयींच्या कायद्यानें हाच शब्द दंडनीय मनुष्यास लावला. त्याच्या कक्षेंत धडधाकट असून काम नाकारणारा तर आलाच. पण भिकारी आणि परवान्यावांचून फेरी करणारा विक्रेताही आला.

हीच दृष्टि हिंदुस्थानांत आली. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें अनेक जमाती जन्मानेंच संशयित ठरविल्या. त्यांत भटकें जीवन जगणाऱ्या पुष्कळ होत्या. १९११ सालीं तो कायदा ब्रिटिश मुलखांत सर्वत्र लागू होऊं शकेल असा करण्यांत आला. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याप्रमाणें, ज्याच्या उपजीविकेचें साधन उघड दिसत नसे, त्याजकडून सद्वर्तनाचा जामीन मागतां येई. वास्तविक बैलांवर धान्य आणि मीठ वाहणारा बंजारा हिंडे, तो उनाड म्हणून नव्हे; हिंडणें हाच त्याचा उद्योग होता. आगगाडीनें तो हिरावून घेतल्यावर तो रिकामा झाला, रिकामटेकडा नव्हे.

१९५२ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. परंतु कपाळीं बसलेला शिक्का कायद्याबरोबर पुसला गेला नाहीं. ज्याच्या हातास काम नाहीं आणि ज्यास काम नको, ते दोघे एक नव्हेत. पारावर बसलेल्या मनुष्यास नांव ठेवण्यापूर्वीं एवढा विचार केला, तरी मराठीनें जपलेला हा भेद सार्थकीं लागेल.