१०९ धावा आणि १७ वर्षे

फेब्रुवारी १९०६. मुंबईतील बॉम्बे जिमखान्याचे मैदान. हिंदू संघ २४२ आणि १६०, युरोपियन संघ १९१ आणि १०२. हिंदूंचा १०९ धावांनी विजय.

वंगभंगाला जेमतेम चार महिने उलटले होते, स्वदेशीची चळवळ तापलेली होती. राज्यकर्त्यांचा त्यांच्याच खेळात आणि त्यांच्याच मैदानावर पराभव व्हावा, ही त्या काळी साधी वार्ता नव्हती. पारशी मंडळींनी इंग्रजांना पूर्वीच नमवले होते. हिंदू संघाकडून मात्र फारशी अपेक्षा कोणी बाळगली नव्हती. या विजयाचा राष्ट्रीय अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो. आजचा थ्रेड त्या संघाच्या आतल्या गोष्टीविषयी आहे.

त्या संघात दोन सख्खे भाऊ होते, बाळू आणि शिवराम पालवणकर. घराणे मूळचे कोकणातील पालवणीचे, जात चांभार, वडील लष्करात नोकरीस. बाळूंचा जन्म धारवाडचा, वाढ पुण्याची. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यात ते महिना चार रुपयांवर खेळपट्टीची देखभाल करीत आणि सरावासाठी साहेबांना गोलंदाजी टाकीत. जे. जी. ग्रेग हा नामांकित फलंदाज त्यांच्यापुढे तासन् तास सराव करी. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचे त्याने कबूल केले होते, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचे काहीही असो, बाळूंची डावखुरी फिरकी याच चाकरीत घडली. फलंदाजी मात्र त्यांना तेथे कधीच मिळाली नाही. बॅट ही साहेबाची आणि चेंडू हा चाकराचा!

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना घेतले, कारण साहेबांना हरवायचे होते. मैदानावर चेंडू सर्वांच्या हातून फिरे, त्याला विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. न्यायमूर्ती रानड्यांनी यावर उघड भूमिका घेतली: ज्याच्यासोबत खेळता, त्याच्यासोबत खाण्यापिण्यास हरकत कसली?

प्लेगच्या काळात पालवणकर मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्यात सहभोजनाची भिंतही हळूहळू खचली. म्हणूनच १९०६ च्या विजयानंतर ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने या भावांच्या संघप्रवेशाला विजयाइतकेच महत्त्व दिले. तरुण हिंदूंची मने उदार करण्याचे जे काम इतर प्रयत्नांना साधले नाही, ते या प्रवेशाने साधले, असा त्याचा सूर होता.

माझ्या मते हा सूर थोडा घाईचा होता. गोलंदाज म्हणून बाळू हवे होते, नायक म्हणून? १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघात त्यांनी ११४ बळी मिळवले. एवढी कामगिरी करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी एका सत्कारसमारंभात हा मान ज्येष्ठ व अनुभवी बाळूंचा होता, असे जाहीरपणे बोलून दाखवले. हा मनाचा मोठेपणा खराच; निवड समितीने तो दाखवला नाही.

वादाला तोंड फुटले १९२० साली. बाळूंना वगळण्यात आले. कर्णधार पै पहिल्या सामन्यास उपलब्ध नव्हते, तेव्हा धाकटे बंधू विठ्ठल यांना डावलून नेतृत्व दि. ब. देवधरांकडे गेले. देवधर फलंदाज म्हणून थोर, पण ज्येष्ठतेचा हक्क विठ्ठल यांचा होता. विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळण्यास नकार दिला आणि निवेदन काढून त्याचे कारण जातीत असल्याचे सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन अस्पृश्यतानिवारणाचा ठराव करीत होते, हा योगायोग वृत्तपत्रवाचकांच्या नजरेतून सुटणे कठीण होते. अखेर तडजोड झाली. अंतिम सामन्यात पै कर्णधार आणि बाळू उपकर्णधार झाले. पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ बाळूंनीच संघाची धुरा वाहिली. औपचारिक कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही.

(बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४१ साली, बाबासाहेब आमच्या धाराशिव जिल्ह्यात कसबे तडवळ्याच्या महार-मांग वतनदार परिषदेला आले. त्या राजकारणावर स्वतंत्र थ्रेड लिहीन.)

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. चौरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा युरोपियनच होते. हिंदू जिंकले आणि प्रेक्षकांनी मैदानात धाव घेऊन विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले. ज्यांच्या भावाला तंबूबाहेर चहा मिळे, त्यांना खांद्यावर घेणाऱ्या त्या गर्दीत सवर्णही होते.

विठ्ठल यांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले. जुन्या ग्रंथालयात आढळले तर अवश्य वाचा.