बोरघाटातील एक विस्मृत अपघात

नांदेडहून लातूर-पुणे मार्गाने पनवेलकडे जाणारी आगगाडी खंडाळा सोडून बोरघाट उतरू लागली, म्हणजे वाटेत ती अशा ठिकाणी थांबते की, जेथे ना स्थानक, ना उतरणारा कोणी. घाईचे प्रवासी त्रासून खिडकीबाहेर डोकावतात. हा थांबा कशासाठी, हे समजून घेण्यास दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

बोरघाटाचा लोहमार्ग 1856 ते 1863 या काळात झाला. सुमारे सोळा मैलांत 1,831 फूट चढण, पंचवीस बोगदे, आणि काही ठिकाणी सदतीस फुटांस एक फूट असा चढ! जेम्स बर्कले हे त्याचे मुख्य अभियंते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये येथे आले आणि लवकरच वारले. पुढील काम त्यांच्या पत्नी ॲलिस यांच्या नावाने तडीस गेले. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर येथे राबत होते. त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

खंडाळ्याखाली डोंगराच्या अरुंद सोंडेवर मार्ग वळविण्यास जागा नव्हती. म्हणून तेथे रिव्हर्सिंग स्टेशन बांधले. गाडी आत येई, इंजिन दुसऱ्या टोकास जोडले जाई, आणि गाडी उलट दिशेने पुढे निघे. रूळ तेथे संपत. त्यापलीकडे दरी होती.

1869 च्या जानेवारीत पुण्याकडून मुंबईस निघालेली टपालगाडी या उतारावर अनावर झाली. त्या काळी सर्व डब्यांना एकाच वेळी आवळणारा ब्रेक नव्हता. इंजिनाचा ब्रेक आणि गार्डांनी हातांनी फिरवावयाचे ब्रेक, एवढीच भिस्त. गाडी स्थानकात थांबली नाही, ती रुळांचा शेवट ओलांडून गेली. माणसे दगावली.

त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. परंतु इंग्लंडात सर्व डब्यांवर चालणाऱ्या ब्रेकची सक्ती 1889 मध्ये झाली, आणि तीही आयर्लंडातील आर्मा येथे सुमारे ऐंशी जीव गेल्यावर! शास्त्र पुढे धावते. कायद्यास मात्र जाग येण्यासाठी बळी लागतात.

1929 मध्ये नवा मार्ग सुरू होऊन रिव्हर्सिंग स्टेशन बंद झाले. त्याच वर्षी घाटात विजेवर गाड्या धावू लागल्या. जवळच 1830 चा, लोकांनी पुढे 'अमृतांजन' म्हटलेला पूल होता. त्याखालून द्रुतगती मार्ग गेला, आणि एप्रिल 2020 मध्ये तो पूलही पाडण्यात आला. आता मोटारी येथून भरधाव जातात. येथे कधी आगगाडी दरीकडे सुटली होती, हे सांगणारे कोणी नाही.

तरी एक स्मारक उरले आहे, असे आम्हांस वाटते. घाट उतरणारी गाडी कॅच सायडिंगपूर्वी थांबते. ती पूर्ण थांबली, तरच पुढचा मार्ग दिला जातो. थांबली नाही, तर चढावरील बाजूच्या रुळांवर जाऊन आपोआप वेग गमावते. ही योजना त्या एकाच अपघाताने आणली, असे आमचे म्हणणे नाही. पण उतारावर विश्वासापेक्षा परीक्षा बरी, हे तिचे तत्त्व त्या रात्रंदिवस राबणाऱ्या घाटानेच शिकविले. तेव्हा पुढल्या खेपेस गाडी तेथे थांबली, तर वाचकांनी घड्याळाकडे न पाहता क्षणभर दरीकडे पाहावे. तो थांबा गेलेल्यांच्या नावे आहे.