एक गिगाबाइटमध्ये दोन बिऱ्हाडे

२०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत विज्ञान शिक्षकांच्या एका कार्यशाळेला आम्ही गेलो होतो. विषय होता सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडण्याचा. पण पहिला सबंध तास गेला तो एका बाईंच्या लॅपटॉपपायी. लॅपटॉप शाळेचा, त्यात साठवणुकीची जागा अवघी ३२ गिगाबाइट. विंडोज-१० ची नवी आवृत्ती घ्या असा तगादा तो महिनाभर लावत होता, आणि घ्यायला जावे तर जागा अपुरी म्हणून हात वर करत होता. बाईंनी काढता येईल ते सारे काढून टाकले होते. उरले होते मुलांचे काम: तीन वर्षांच्या प्रकल्पांची छायाचित्रे आणि ओढ्याकाठच्या पक्ष्यांच्या नोंदी. ते पुसायला त्या तयार नव्हत्या, आणि त्यांचे बरोबरच होते. त्यांनी आम्हांला विचारले, "सर, नवी आली की जुनी जातेच ना? मग एकीच्या जागी दुसरी. ही जास्तीची जागा कशाला मागतोय हा?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे आम्ही तेथे दिलेले उत्तर अर्धेच होते. उरलेले अर्धे इतिहासात आहे.

मुंबईत जुनी चाळ पाडून नवी बांधायची तर रहिवाशांना काही काळ संक्रमण शिबिरात हलवतात. संगणकाची अडचण याहून बिकट असते, कारण येथे रहिवासी आणि गवंडी एकच. संगणक चालतो तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या बळावर. आणि नवी कार्यप्रणाली उतरवून घेण्याचे कामही सुरुवातीला जुनीलाच करावे लागते. निम्मे काम झाले असता वीज गेली, तर ना जुनी धड ना नवी, अशा अवस्थेत यंत्र सुरूच होणार नाही. म्हणून नवी नीट चालते अशी खात्री होईपर्यंत जुनी शाबूत ठेवावी लागते. म्हणजे जुनीची जागा, नवीची जागा आणि नवी ज्या गाठोड्यातून आली त्याचीही जागा, अशी तिहेरी मागणी होते. माघारीची वाट उघडी ठेवण्याचे हे भाडे आहे.

हे भाडे पूर्वी द्यावे लागत नसे. १९८१ साली आयबीएमचा पीसी बाजारात आला तेव्हा त्याची डॉस ही कार्यप्रणाली १६० किलोबाइटच्या एका फ्लॉपीत मावत होती. नवी आवृत्ती म्हणजे नवी फ्लॉपी. ती बिघडली तर टेबलाच्या खणातली जुनी काढायची, की झाले. पुढे कार्यप्रणाली हार्ड डिस्कवर राहायला गेली आणि माघारीची सोयही त्याच डिस्कवर करावी लागली. १९९५ चे विंडोज-९५ तेरा फ्लॉप्यांवर मिळत असे. ते बसवताना जुन्या प्रणालीच्या फाइली राखून ठेवायच्या का, असे विचारले जाई. ज्याच्याकडे जागा नसेल त्याने 'नको' म्हणायचे आणि देवाचे नाव घ्यायचे. त्यानंतरच्या दहा वर्षांत हार्ड डिस्क इतक्या झपाट्याने वाढल्या की हा प्रश्न लोक विसरूनच गेले.

तो परत आणला फ्लॅश स्मृतीने. फ्लॅशला फिरते भाग नसतात, ती धक्के सोसते, वीज कमी खाते. पण २००७ च्या सुमाराला ती महाग होती, म्हणून स्वस्त यंत्रात ती थोडीच घालता येई. या काळातला सर्वांत बोलका दाखला म्हणजे 'एक मूल, एक लॅपटॉप' या मोहिमेचा एक्सओ. निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ च्या जानेवारीत दावोस येथे शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. २००७ च्या नोव्हेंबरात त्याचे उत्पादन सुरू झाले तेव्हा किंमत शंभर डॉलरच्या बरीच वर गेलेली होती. त्यात २५६ मेगाबाइट स्मृती आणि कायमच्या साठवणुकीला १ गिगाबाइट फ्लॅश होती. कार्यप्रणाली, मुलांची चित्रे, कॅमेऱ्याने टिपलेले चलच्चित्र, सगळे त्या एका गिगाबाइटमध्ये. भारत सरकारने २००६ मध्येच या योजनेला नकार दिला होता. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात या वाडीच्या एकशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीच्या मुलांच्या हाती हे हिरवे-पांढरे यंत्र प्रयोगादाखल आले. त्याच वर्षी उरुग्वेतल्या कार्दाल या गावापासून सुरुवात करून त्या देशाने २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला एक्सओ दिला. अशा लाखो यंत्रांची कार्यप्रणाली बदलायची, तीही बहुतेक ठिकाणी जवळपास तंत्रज्ञ नसताना, हे काम किती अवघड असेल याची कल्पना करावी.

फ्लॅशचा एक स्वभाव येथे समजून घ्यायला हवा. पाटीवरचे एक अक्षर पुसून त्याच जागी दुसरे लिहावे, तसे फ्लॅशवर करता येत नाही. पुसायचे तर एक सबंध ठोकळाच पुसावा लागतो आणि प्रत्येक पुसण्यागणिक तो थोडा झिजतो. म्हणून एक्सओमध्ये जी फाइल व्यवस्था वापरली, ती प्रत्येक बदल नव्या जागी लिहीत जाई आणि निरुपयोगी झालेले जुने तुकडे सवडीने गोळा करून ठोकळे मोकळे करी. साठवण्यापूर्वी ती मजकूर दाबून लहानही करी. पण गंमत अशी की, या पद्धतीत 'अमुक फाइल काढून टाकली' हीदेखील एक नोंदच असते आणि ती लिहायला थोडी जागा लागते! कचरा हलवायलासुद्धा मोकळा कोपरा हवा. घर काठोकाठ भरले की केरसुणी फिरवणेही मुश्कील.

अशा घरात एक्सओच्या कर्त्यांनी दोन बिऱ्हाडे थाटली. कार्यप्रणालीची नवी आवृत्ती जुनीशेजारी ठेवायची. मात्र दोहोंत जी फाइल अगदी सारखी असेल तिची दुसरी प्रत करायची नाही. एकाच फाइलला दोन्हीकडून नावे द्यायची. एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडे, पण विहीर आणि अंगण सामाईक, तसे. आणायच्याही फक्त बदललेल्या फाइली, म्हणजे गावातल्या संथ जोडणीवरही काम भागते. नवी आवृत्ती रुसली, तर यंत्र सुरू करताना पडद्याशेजारचे गोल खुणेचे बटण दाबून धरायचे. की जुनी हजर. आठ वर्षांच्या मुलाला जमेल अशी माघार! इतकी सुटसुटीत सोय त्या काळी महागड्या लॅपटॉपवरही आमच्या पाहण्यात नव्हती.

पण हा हिशेब जमतो तो दोन आवृत्त्यांत साम्य असेल तोवर. एक्सओची सुरुवातीची प्रणाली फेडोरा-७ या लिनक्स संचावर उभी होती. २००८ च्या ऑक्टोबरात आलेली ८.२ ही आवृत्ती फेडोरा-९ वर. पायाच बदलल्यावर सामाईक राहणार काय? दोन बिऱ्हाडांना दोन विहिरी आल्या. त्यातच कॅमेरा हे मुलांचे आवडते खेळणे. त्यांनी त्याने जागा भरून टाकल्या, आणि मुलांनी दुसरे काय करायचे होते? फ्लॅश पुरती भरली की एक्सओ सुरूच होत नसे. मग चारही खेळबटणे दाबून पेनड्राइव्हवरून सगळे नव्याने बसवण्याचा मार्ग उरे. तो खात्रीचा होता, पण त्यात मुलाची चित्रे आणि लेखन पुसले जाई. त्यांची प्रत आधी शाळेच्या सर्व्हरवर गेलेली असेल तरच ती वाचत. माघारीची वाट प्रणालीसाठी राखली होती. मुलाच्या कामासाठी ती या यंत्रात नव्हती.

२००७ मध्येच तैवानच्या असुस कंपनीने ४ गिगाबाइट फ्लॅशचा ईईई पीसी काढला. त्याची युक्ती वेगळी होती. कारखान्यातून आलेली मूळ प्रणाली एका कप्प्यात कुलूपबंद ठेवायची आणि सगळे बदल तिच्यावर पारदर्शक कागद ठेवून त्या कागदावर लिहायचे. बिघाड झाला की कागद फेकायचा. खालचे मूळ जसेच्या तसे! पण नवी आवृत्ती घ्याल तेव्हा ती कागदावर लिहिली जाणार, आणि जिची जागा तिने घेतली ती खाली तशीच जागा अडवून बसणार. वापरणाऱ्याच्या वाट्याला आलेली दीडेक गिगाबाइट जागा सुधारणांनीच भरत जाई.

आश्चर्य याचे वाटते की सात वर्षांनी मायक्रोसॉफ्टने जवळजवळ हेच केले. २०१४ मध्ये ३२ गिगाबाइटचे स्वस्त लॅपटॉप निघू लागले. त्यांच्यासाठी विंडोज-८.१ ची एक रचना आली: प्रणालीचा दाबून लहान केलेला, अपरिवर्तनीय गठ्ठा वेगळ्या कप्प्यात, आणि मुख्य कप्प्यात त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या खुणा. पहिल्या दिवशी जागा खरोखर वाचली. मग दर महिन्याच्या दुरुस्त्या मुख्य कप्प्यात साचू लागल्या आणि गठ्ठा होता तेवढाच राहिला. २०१५ च्या विंडोज-१० मध्ये ही रचना सोडून प्रत्येक फाइल सुटी-सुटी दाबण्याची पद्धत घेतली. जुनी फाइल गेली की तिची जागाही मोकळी. त्यात ६४-बिट प्रणालीचे सुमारे २.६ गिगाबाइट वाचतात असे कंपनीने तेव्हा सांगितले होते. माघारीसाठी जुनी प्रणाली आधी तीस दिवस ठेवत, २०१६ पासून दहा. २०१९ मध्ये नव्या यंत्रांवर सुमारे ७ गिगाबाइट जागा सुधारणांसाठी आधीच राखून ठेवायला सुरुवात झाली, म्हणजे भाडे आगाऊ कापून घेतले. २०२१ च्या विंडोज-११ ने किमान ६४ गिगाबाइटची अट घातली आणि ३२ वाल्यांना दारच बंद केले. बाईंचा लॅपटॉप विंडोज-१० वरच राहिला आणि त्या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

कार्यशाळेत मात्र वाट निघाली. जागा कमी पडल्यास बाहेरचे साधन जोडा, अशी सोय त्या प्रणालीतच होती. धावपळीत ती आमच्या आधी एका तरुण शिक्षकाच्या लक्षात आली, हे कबूल केले पाहिजे. त्याने आपला १६ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह रिकामा करून दिला. मुलांच्या कामाची प्रत आम्ही प्रथम आमच्या लॅपटॉपवर घेतली, मगच काम सुरू केले. जेवणाच्या सुट्टीनंतर कधीतरी ते पुरे झाले. संगणकाची सूचना होती की हे साधन माघारीसाठी जपून ठेवा. बाईंनी पेनड्राइव्ह एका पाकिटात घातला, वर तारीख लिहिली, आणि दहा दिवस तो शाळेच्या कपाटात राहील असे त्या तरुण शिक्षकाला बजावले.