पाळी गेल्यावरचं घोरणं

घोरणं म्हटलं की आम्ही बाया बाप्यांकडं बोट दाखवतो. डॉक्टरांनीही बरीच वर्षं तेच केलं. झोपेत श्वास अडकण्याचा आजार १९६५ साली फ्रान्स-जर्मनीत नीट नोंदला गेला. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००४ साली छापून आला. त्यात ६५८ पुरुष. बाई एकही नाही!

बाईच्या घशाचं कोडं अमेरिकेत १९९८ साली थोडं उलगडलं. हनुवटीच्या आतून जिभेत जाणारा एक स्नायू जीभ पुढं ओढून श्वासाची वाट मोकळी ठेवतो. त्याचा जोर मोजला, तर पाळी चालू असलेल्यांपेक्षा पाळी गेलेल्या बायांत तो कमी भरला. दोन आठवडे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दिल्यावर वाढला. दोन्ही एकत्र दिलेली, म्हणून एकट्या इस्ट्रोजेनचा वाटा त्यातून कळत नाही. तेवढ्यावर मनानं गोळ्या सुरू करू नका.

आमच्या कामथडीत अशी बाई दिवसा पेंगली तर आम्ही म्हणतो, भातलावणीनं दमली. पण ती जोरात घोरते, श्वास थांबून दचकून उठते, हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. नाकावाटे हवेचा दाब देणारं यंत्र ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ सालीच जगापुढं आणलंय, आणि ते बायांनाही चालतं.