शेजारच्या सीटवर कोणी बसलंय का?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना मारलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ तेवढे गाळलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.

आजचा विषय सुचला तो आमच्या घरच्या गाडीमुळे. बाबांनी रिटायर झाल्यावर एक एसयूव्ही घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण आजचा मुद्दा एका कंपनीचा नाहीच. गेल्या दिवाळीत नाशिकहून पुण्याला येताना आई पुढच्या सीटवर होती. संगमनेर सोडलं आणि ती म्हणाली, “अरे, तो पोटाशी फुगा धरलेला माणूस पेटलाय बघ.” म्हणजे डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा.

बाबा गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या मुलानं स्कॅनर लावला, एरर कोड पुसला आणि म्हणाला, “काका, ओके झालं.” आठ दिवसांनी दिवा परत पेटला. परत स्कॅनर, परत ओके. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्या वेळी एक जुना मेकॅनिक भेटला. त्यानं स्कॅनर बाजूला ठेवला, गुडघ्यावर बसून सीटखाली हात घातला आणि दुसऱ्या हातानं सीट पुढं-मागं केली. दिवा पेटला. सीटखालच्या वायरिंगचा पिवळा कनेक्टर ढिला झाला होता. आईची पाण्याची बाटली घरंगळत तिथंच जाऊन बसायची, तिचे धक्के लागत होते. पाच मिनिटांचं काम.

आता खरी गंमत ऐका. बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “मिसेस पाय लांब करायला सीट मागं घेतात ना, तेव्हा पेटतो.” निदान त्या एका वाक्यातच होतं! पण जॉबकार्डवर लिहिलं गेलं फक्त ‘एअरबॅग लाइट ऑन’. माणसानं सांगितलेली गोष्ट कागदावर येता येता अर्धी झाली.

मला हसू आलं नाही, कारण मी ऑफिसात हेच करतो. युजरची तक्रार येते, मी माझ्या लॅपटॉपवर करून बघतो, मला ते दिसत नाही. मग ‘आमच्याकडे रिप्रोड्यूस होत नाही’ असं लिहून तिकीट बंद. म्हणून म्हटलं, गाडीवाल्याच्या तक्रारीचा इतिहास एकदा बघूया. तिला किंमत कधी आली आणि कुणामुळे आली?

स्टिअरिंगमागचा दोषी

सुरुवात अमेरिकेत. 1960च्या आधी तिथं अपघात झाला की उत्तर ठरलेलं असायचं: गाडीत काही नाही, चालवणाऱ्यातच खोट आहे. जनरल मोटर्सची ‘कॉर्व्हेअर’ नावाची गाडी होती. इंजिन मागं, आणि मागच्या चाकांचं सस्पेन्शन असं की वळणावर गाडी हाताबाहेर जाते असं मालक म्हणत. कंपनीवर शंभरच्या वर खटले पडले. प्रत्येक खटला सुटा, प्रत्येक मालक एकटा.

1965 मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलानं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक लिहिलं आणि पहिलंच प्रकरण कॉर्व्हेअरवर टाकलं. कंपनीनं काय करावं? नेडरच्या मागं खासगी गुप्तहेर लावले. ते उघडकीला आलं आणि मार्च 1966 मध्ये कंपनीचे प्रेसिडेंट जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढं जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. 1970 मध्ये रस्ते-वाहतूक सुरक्षेची सरकारी संस्था उभी राहिली. तिलाच ‘निट्सा’ म्हणतात. 1974च्या दुरुस्तीनं सुरक्षेचा दोष निघाला तर कंपनीनं तो फुकट दुरुस्त करायचा, हेही कायद्यात आलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 1972 मध्ये याच सरकारी संस्थेनं कॉर्व्हेअर तपासली आणि ती त्या काळच्या तशाच इतर गाड्यांपेक्षा वाईट नाही, असा निष्कर्ष काढला. मग नेडर चुकला का? त्या गाडीपुरतं म्हणाल तर वाद आहे. पण तोपर्यंत एक मोठी गोष्ट घडून गेली होती. तक्रार खरी की खोटी हे आता कंपनी एकटी ठरवत नव्हती, तपासणारा तिसरा कुणीतरी होता.

एकवीस टायर

पण तपासणारा असला म्हणून तो बघतोच असं नाही. 1990च्या दशकात अमेरिकेत एसयूव्हीची लाट आली आणि फोर्डची ‘एक्सप्लोरर’ त्यात सगळ्यात पुढं होती. तिच्या फायरस्टोन टायरचा वरचा थर धावत्या गाडीत सुटायचा आणि उंच बांध्याची गाडी उलटायची. 1998 मध्ये स्टेट फार्म या विमा कंपनीतल्या सॅम बॉयडन नावाच्या संशोधकाला क्लेमच्या फायली चाळताना असे 21 टायर सापडले. त्यानं निट्साला ईमेल केला. काही झालं नाही.

पुढं फोर्डनं आखाती देशांत टायर बदलून दिले, पण अमेरिकेतल्या मालकांना त्याचा पत्ता नव्हता. फेब्रुवारी 2000 मध्ये ह्यूस्टनच्या एका टीव्ही वाहिनीनं बातमी दाखवली, तेव्हा तक्रारींचा पूर आला. ऑगस्टमध्ये 65 लाख टायर परत बोलावले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवा कायदा झाला: परदेशातले रिकॉल, वॉरंटीतले दावे, मृत्यू आणि जखमींची माहिती हे सगळं कंपन्यांनी सरकारला स्वतःहून कळवायचं.

आमच्या भाषेत सांगायचं तर तोपर्यंत प्रत्येकाकडे स्वतःची लॉग फाइल होती. या कायद्यानं सगळ्यांचे लॉग एका जागी आणायला सुरुवात केली.

सीट विचार करायला लागली

आता सीटकडे येऊ. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात डोकं खाणारा भाग हाच आहे.

अमेरिकेत 1998च्या मॉडेलपासून कारमध्ये, आणि त्याच्या पुढच्या वर्षापासून एसयूव्ही-पिकअपमध्ये, पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीची झाली. पण ती एअरबॅग बेतली होती मध्यम बांध्याच्या, पट्टा न लावलेल्या प्रौढ पुरुषाच्या हिशेबानं. त्याला थोपवायचं तर ती प्रचंड जोरात फुगायला हवी. त्याच सीटवर पाच वर्षांचं पोर असेल तर? निट्साच्या अंदाजानुसार 1990 ते 2008 या काळात, कमी वेगाच्या अपघातांत, एअरबॅग फुगल्यामुळंच 290 पेक्षा जास्त माणसं गेली. त्यातले बहुतेक शेजारच्या सीटवरचे होते, आणि त्या सीटवरच्या मृतांत 90 टक्क्यांहून जास्त लहान मुलं आणि बाळं होती. बहुतेकांना पट्टा नव्हता, किंवा बाळाची सीट पुढं उलटी बसवलेली होती.

म्हणून मे 2000 मध्ये नियम बदलला. एअरबॅगनं आधी ओळखायचं की समोर कोण आहे. मोठा माणूस असेल तर फुगायचं, लहान मूल असेल तर गप्प राहायचं किंवा हळू फुगायचं. त्यासाठी सीटमध्ये सेन्सर आले. काही गाड्यांत गादीखाली द्रवानं भरलेली पिशवी, काहींत सीटच्या पायात वजन मोजणारे सेन्सर. सोबत एक छोटा कॉम्प्युटर आणि डॅशबोर्डवर ‘पॅसेंजर एअरबॅग बंद’ असा दिवा.

थांबा जरा, आणि काय झालं ते बघा. जी सीट शंभर वर्षं फक्त स्प्रिंग आणि फोम होती, ती आता निर्णय घ्यायला लागली. सीटचा बिघाड आणि इलेक्ट्रिकल बिघाड या दोन वेगळ्या तक्रारी उरल्याच नाहीत.

2014 मध्ये निस्साननं अमेरिकेत जवळजवळ 9 लाख 90 हजार गाड्या रिकॉल केल्या. त्यात अल्टिमा-सेंट्रासारख्या सेडान होत्या, तशा पाथफाइंडर आणि इन्फिनिटी क्यूएक्स60 या एसयूव्हीही होत्या. दोष काय? शेजारी धडधाकट माणूस बसलेला असताना सीट म्हणायची, इथं कुणी नाही. आणि एअरबॅग बंद! कारण तर आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना घाम फोडणारं आहे. गाडी जागेवर चालू, इंजिनची थरथर जरा जास्त, सीट आधी रिकामी, आणि मग कुणीतरी येऊन बसतं, किंवा थोडं वेगळ्या पद्धतीनं बसतं. इतक्या गोष्टी जुळल्या की चूक व्हायची. सर्व्हिस सेंटरच्या शांत शेडमध्ये हे कसं दिसणार? तिथं ते ‘रिप्रोड्यूस’ होतच नाही!

कंपनीनं सॉफ्टवेअर अपडेट दिला. पण अपडेट घेतलेल्या मालकांच्या तक्रारी येतच राहिल्या: बायको शेजारी बसलीय आणि दिवा म्हणतो सीट रिकामी. मग निट्सानं त्या दुरुस्तीचीच चौकशी सुरू केली. 2016 मध्ये रिकॉल वाढून 30 लाखांच्या पुढं गेला. रोग आणि मुरानो या एसयूव्हीही त्यात आल्या.

यात तक्रार करणारे कोण होते? इंजिनियर नव्हते. ‘मी इथं बसलोय आणि गाडी म्हणते नाही’ एवढंच सांगणारी साधी माणसं होती. ती बरोबर होती, अपडेट अपुरा होता.

आपल्याकडं

आपल्याकडची गोष्ट पुण्यातनं सुरू करता येते. 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी इथं ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. ग्राहक संरक्षण कायदा आला 1986 मध्ये. पण गाडीच्या रिकॉलचं काय? 2012 मध्ये उत्पादकांच्या संघटनेनं स्वतःची आचारसंहिता केली, तीही ऐच्छिक. कायद्यात रिकॉल आला 2019च्या मोटार वाहन दुरुस्तीत, कलम 110-अ म्हणून, आणि अंमल सुरू झाला 1 एप्रिल 2021 पासून. विक्रीच्या प्रमाणात ठरलेल्या संख्येइतक्या मालकांनी एकाच दोषाची तक्रार सरकारी पोर्टलवर नोंदवली, तर सरकार गाड्या परत बोलावायला सांगू शकतं. दंड 1 कोटी रुपयांपर्यंत.

म्हणजे आता तक्रारीची मोजणी होते. सर्व्हिस सेंटरच्या रिसेप्शनवर केलेली आरडाओरड त्या मोजणीत धरली जात नाही. पोर्टलवर नोंद झाली तरच ती धरतात.

आणि एकट्या माणसाचं काय? 2015 मध्ये घेतलेल्या एका ह्युंदाई क्रेटाला नोव्हेंबर 2017 मध्ये दिल्ली-पानिपत रस्त्यावर अपघात झाला. एअरबॅग उघडल्या नाहीत, मालकाच्या डोक्याला, छातीला, दातांना मार बसला. धडक पुरेशी जोराची नव्हती, असं कंपनीचं म्हणणं. प्रकरण राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग असं करत सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल 2022 मध्ये न्यायालयानं ग्राहकाच्या बाजूनं निकाल कायम ठेवला: गाडी बदलून द्या, भरपाई द्या. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा की गाडी घेणारा माणूस वेग आणि बलाची गणितं करणारा भौतिकशास्त्रज्ञ नसतो. एअरबॅग उघडेल एवढ्या भरवशावर तो गाडी घेतो.

माझ्या मते नेडरपासून इथपर्यंतचा सगळा प्रवास याच वाक्याकडं येतो. निदान करणं हे मालकाचं कामच नाही. त्याचं काम आहे काय, कधी, कशानंतर झालं ते सांगणं. आणि ऐकणाऱ्याचं काम आहे ते पूर्ण लिहून घेणं.

तर मंडळी, दोन छोटी कामं. गाडी दुरुस्तीला द्याल तेव्हा जॉबकार्ड वाचून सही करा. तुमचं ‘सीट मागं घेतली की’ त्यात आहे का बघा, नसेल तर लिहायला लावा आणि प्रत मागून घ्या. दिवा तिसऱ्यांदा पेटला तर पोर्टलवर नोंद करा. तुमची एक तक्रार तुम्हाला क्षुल्लक वाटेल. 21 टायरसुद्धा तसे क्षुल्लकच होते.

आणि माझ्यासारख्यांनी? मी गेल्या महिन्यात बंद केलेली तिकिटं परत उघडली. अकरा होती. त्यातल्या चार लोकांनी नक्की काय केल्यावर चूक होते ते सरळ लिहिलं होतं. मी वाचलंच नव्हतं. चारपैकी तीन माझ्या लॅपटॉपवर पहिल्या झटक्यात दिसल्या.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग, आम्ही काय उगाच बोलत असतो?”

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत सीटखाली बाटली ठेवू नका!